एस्पेरान्तो भाषेतील संख्याव्यवस्था : सुलभता आणि तटस्थता

बीजशब्द : निर्मित भाषा, संख्यावाचक, दशमान पद्धती, अपूर्णांक, तटस्थता.

प्रस्तावना :
नेत्रवैद्य लुडविक झामेनहॉफ (१८५९–१९१७) यांनी १८८७ मध्ये वॉर्सा येथे 'डॉक्टर एस्पेरान्तो' या टोपणनावाने आपल्या निर्मित भाषेची पहिली पुस्तिका प्रसिद्ध केली. ही भाषा शिकण्यास सोपी असावी आणि कोणत्याही एका राष्ट्राची नसावी, अशी त्यांची भूमिका होती. सुलभता व तटस्थता हे दोन दावे बहुधा एकत्रच स्वीकारले किंवा नाकारले जातात. संख्याव्यवस्थेच्या आधारे ते वेगवेगळे तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संख्यावाचकांची रचना :
एस्पेरान्तोच्या सोळा नियमांपैकी चौथा नियम संख्यावाचकांचा आहे. उनु, दु, त्रि, क्वार, क्विन, सेस, सेप, ओक, नाउ, देक (१०), त्सेन्त (१००) आणि मिल (१०००) हे बारा शब्द त्यात दिलेले आहेत. दशक व शतक केवळ शब्द जोडून तयार होतात. 'दुदेक' म्हणजे वीस आणि 'दुदेक उनु' म्हणजे एकवीस. ५३३ ही संख्या 'क्विन्त्सेन्त त्रिदेक त्रि' अशी वाचली जाते. या बारा शब्दांच्या बळावर ९,९९,९९९ पर्यंत मोजता येते. प्रत्ययांची योजनाही तितकीच नियमित आहे : 'दुआ' (दुसरा), 'दुओब्ला' (दुप्पट), 'दुओनो' (अर्धा भाग), 'त्रिओपे' (तिघे मिळून). 'प्रत्येकी' या अर्थासाठी 'पो' हे अव्यय आहे.

मराठीशी तुलना :
मराठीत शंभरपर्यंतच्या संख्यांची नावे जवळजवळ एकेक करून पाठ करावी लागतात. 'दोन'ची 'बावीस', 'बेचाळीस', 'ब्याण्णव' अशी रूपांतरे होतात. एकोणपन्नास वजाबाकीने, तर नव्याण्णव बेरजेने बनतो. शिवाय लिहिताना दशक आधी आणि उच्चारताना एकक आधी, असा क्रमभेद आहे. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात 'एकवीस'साठी 'वीस एक' असे वाचन आल्यावर २०१९ मध्ये महाराष्ट्रात वाद झाला. त्या वाचनामागील तत्त्व एस्पेरान्तोचेच आहे : अंकाचे स्थान आणि शब्दाचा क्रम एक असावा. सुलभतेचा दावा येथे निःसंशय टिकतो.

मर्यादा :
तटस्थतेचा दावा मात्र तितका टिकत नाही. पहिली बाब शब्दांच्या मुळांची आहे. ती प्रामुख्याने लॅटिन कुळातील असल्याने युरोपीय विद्यार्थ्याला ती आधीच परिचित असतात. दुसरी बाब संख्यांच्या गटवारीची. एस्पेरान्तोत हजारानंतरचा टप्पा दशलक्षाचा असल्याने लाख 'त्सेन्त मिल' (शंभर हजार) आणि कोटी 'देक मिलिओनोइ' (दहा दशलक्ष) असा फोडून सांगावा लागतो. 'मिलिओनो' हे नाम असल्याने त्याला अनेकवचन लागते व मोजल्या जाणाऱ्या वस्तूपूर्वी 'दा' हे अव्यय योजावे लागते. 'मिल'ला यांपैकी काहीच लागत नाही. अर्थात, नियमिततेलाही येथे छेद जातो.

तिसरी बाब अधिक महत्त्वाची आहे. मराठीतील सव्वा, दीड, अडीच, पाऊण हे शब्द बाजारातील मोजमापातून रुळलेले आहेत. एस्पेरान्तोत दीड 'उनु काइ दुओनो' (एक आणि अर्धा) व पाऊण 'त्रि क्वारोनोइ' (तीन चतुर्थांश) होतो. मूल्य तेच राहते, परंतु पुढच्या पूर्णांकाकडे पाहून 'पावणेदोन' म्हणण्याची दृष्टी त्यात उरत नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. सर्व भाषांच्या मोजणीच्या सवयी एकाच व्यवस्थेत सामावणे अशक्य आहे. तो मान्य केला तरी जी सवय निवडली ती सार्वत्रिक ठरत नाही. २००९ च्या 'अवतार' चित्रपटासाठी पॉल फ्रॉमर यांनी रचलेल्या नावी भाषेत, हाताला चार बोटे असणाऱ्या कल्पित जमातीसाठी, मोजणी आठाच्या पटीत आहे. तेथे निवड उघड दिसते. एस्पेरान्तोत ती नियमिततेआड झाकली जाते.

निष्कर्ष :
एस्पेरान्तोची संख्याव्यवस्था रचनेने सुलभ आहे, पण तिची सुलभता हा तटस्थतेचा पुरावा नव्हे. मराठी संख्यावाचनाच्या सुधारणेचा विचार करतानाही हा भेद उपयोगी आहे. 'वीस एक'मुळे स्थानिक किंमत लवकर समजू शकेल. मात्र 'दीड' आणि 'पावणेदोन' यांना अनियमित म्हणून बाजूला सारल्यास, मोजण्याची एक संपूर्ण रीत भाषेतून वजा होईल.