वेदनेचा सामाजिक अर्थ : झ्बोरॉव्स्की यांच्या अभ्यासाचे परीक्षण

‘ज्याचे जळते त्यालाच कळते’ ही म्हण वेदनेच्या खासगीपणावर नेमके बोट ठेवते. तथापि वेदना खासगी असली, तरी ती कोणाला सांगावी, किती सांगावी आणि तिचा अर्थ काय लावावा, हे माणूस घरात व समाजात शिकत असतो. हा प्रश्न सामाजिक शास्त्रांच्या कक्षेत आणणाऱ्या आरंभीच्या अभ्यासांत मार्क झ्बोरॉव्स्की यांच्या १९५२ मधील निबंधाला महत्त्वाचे स्थान आहे. याच विषयाचा विस्तार त्यांनी १९६९ च्या ‘पीपल इन पेन’ या ग्रंथात केला.

न्यूयॉर्कमधील किंग्जब्रिज येथील माजी सैनिकांच्या रुग्णालयात हा अभ्यास झाला. एकूण १०३ व्यक्तींपैकी ८७ वेदनाग्रस्त रुग्ण होते. ज्यू ३१, ‘जुने अमेरिकन’ २६, इटालियन २४ व आयरिश ११ अशी मुख्य विभागणी होती. ‘जुने अमेरिकन’ म्हणजे निदान आजोबांच्या पिढीपासून त्या देशात जन्मलेले, बहुधा प्रॉटेस्टंट असलेले गोरे लोक. ज्यू आणि इटालियन रुग्ण मोकळेपणाने कण्हत, तक्रार करीत. त्यामुळे या दोन्ही गटांना वेदना मुळातच लवकर जाणवते, असा डॉक्टरांचा ग्रह झाला होता.

झ्बोरॉव्स्की यांनी हा ग्रह तपासला, आणि येथेच त्यांच्या अभ्यासाचे खरे मोल आहे. इटालियन रुग्णाला त्या क्षणीची वेदना थांबावयास हवी असे. औषधाने ती थांबली की त्याची चिंता मिटे. ज्यू रुग्ण मात्र वेदनाशामक घेण्यास कांकू करी. वेदना दबली तरी मूळ रोगाचे काय, ही चिंता त्याला ग्रासून राही. कण्हणे सारखेच, पण त्यामागील भाव निराळा. उलट जुना अमेरिकन रुग्ण आपल्या वेदनेविषयी एखाद्या त्रयस्थाप्रमाणे माहिती देई. अमेरिकेत वाढलेल्या पुढील पिढ्यांचे बाह्य वर्तन बदलले, पण वेदनेकडे पाहण्याची वृत्ती त्या मानाने टिकून राहिली, हेही त्यांनी नोंदविले. वर्तन आणि वृत्ती यांतील हा भेद या अभ्यासाची स्थायी देणगी होय.

या विवेचनाला मर्यादाही आहेत. सर्व रुग्ण पुरुष होते, माजी सैनिक होते आणि गट लहान होते. त्याहून मोठा दोष असा की, विवेचनात वंशगट हाच वर्तनाचा कर्ता होऊन बसतो. रुग्णाची परिस्थिती मागे पडते. हेन्री बीचर यांचा १९५६ मधील निबंध या संदर्भात उद्बोधक ठरतो. दुसऱ्या महायुद्धातील गंभीर जखमी सैनिकांपैकी सुमारे एक तृतीयांश जणांनीच वेदनाशामकाची इच्छा दर्शविली. शस्त्रक्रिया झालेल्या नागरी रुग्णांत मात्र हेच प्रमाण चार पंचमांशांहून अधिक होते. बीचर यांच्या मते सैनिकाला जखम म्हणजे रणांगणातून जिवंत सुटका होती, तर नागरिकाला शस्त्रक्रिया म्हणजे आपत्ती. म्हणजेच वेदनेचा अर्थ केवळ वंशपरंपरेतून येत नाही. तो त्या वेळच्या प्रसंगातूनही घडतो. मेंदू वेदनेचे संदेश रोखू वा वाढवू शकतो, ही उपपत्ती मेलझॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये मांडल्यावर अशा निरीक्षणांना शारीरिक आधारही मिळाला.

आणखी एक उणीव अधिक गंभीर आहे. वेदना सांगणाऱ्याची संस्कृती येथे बारकाईने तपासली गेली. ऐकणाऱ्याची मात्र ओझरती. संयमी रुग्ण हाच आदर्श मानणारा डॉक्टर स्वतःही एका संस्कृतीत वाढलेला असतो, याची जाणीव झ्बोरॉव्स्की यांना होती. पण ती त्यांच्या पद्धतीचा भाग झाली नाही. या दुर्लक्षाची किंमत रुग्णाला मोजावी लागते. व्हर्जिनिया विद्यापीठातील २२२ गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या व निवासी डॉक्टरांच्या २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे निम्म्यांनी कृष्णवर्णीयांच्या शरीराविषयीची निदान एक तरी खोटी समजूत खरी मानली. अशा समजुती बाळगणाऱ्यांनी कृष्णवर्णीय रुग्णाची वेदना कमी लेखली आणि त्यांची उपचारांची शिफारसही कमी अचूक ठरली. २०१७ मध्ये तर अमुक समाजाचे रुग्ण वेदना अशी व्यक्त करतात, अशी सरसकट यादी देणारा एका परिचर्या-पाठ्यपुस्तकातील भाग टीकेनंतर प्रकाशकांना मागे घ्यावा लागला. गैरसमज दूर करण्यासाठी मांडलेले ज्ञान ठोकताळ्यात गोठले, की तेच नव्या गैरसमजाचे साधन बनते.

म्हणून झ्बोरॉव्स्की यांचा अभ्यास आज वाचावयाचा तो उत्तरांसाठी नव्हे, त्यातील प्रश्नासाठी. ‘हा कोणत्या समाजाचा?’ एवढे विचारून तो प्रश्न संपत नाही. ‘या वेदनेने याचे काय हिरावले जाणार आहे, आणि त्याचे म्हणणे कोण, कोणत्या पूर्वग्रहाने ऐकत आहे?’ हे विचारल्यावरच वेदनेचा सामाजिक अभ्यास पूर्ण होतो.