दहा दिवसांचा ग्रंथ

दिवाळी अंक हाती आला की घरातील निम्मी माणसे आधी रहस्यकथा उघडतात. त्यात वावगे काहीच नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या पुस्तकांवर पिढ्या पोसल्या गेलेल्या आपल्या घरांत ‘खून कोणी केला?’ या प्रश्नाची गोडी असणारच. पण मारेकरी कोण हे पहिल्या क्षणापासून साऱ्या जगाला ठाऊक असूनही वाचताना जीव वरखाली होतो, असा एक ग्रंथ आपल्याकडे आहे. तो कोणा कादंबरीकाराने लिहिलेला नाही. गांधीजींच्या खुनासंबंधी न्यायमूर्ती जीवनलाल कपूर यांच्या चौकशी आयोगाने १९६९ साली दिलेला तो अहवाल होय.

या अहवालाकडे वळण्यास निमित्त झाले आमच्या क्रांती चौकातील गप्पांचे. मधोमध शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा असलेला संभाजीनगरचा हा चौक मुळातच बोलका. ९ ऑगस्ट २०१६ रोजी पहिला मराठा क्रांती मोर्चा निघाला तो येथूनच. १३ जुलै २०२४ रोजी अमेरिकेतील बटलर गावी डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर भर सभेत गोळीबार झाला, तेव्हा येथेही तर्कांना ऊत आला. जवळच्या छपरावर बंदूकधारी चढतोच कसा? आतून कोणी सामील असल्याशिवाय का हे होते! चहा निवण्यापूर्वी निकाल लागलासुद्धा.

हा ‘आतला माणूस’ आपल्या रहस्यकथांतून आला आहे. कथेत प्रत्येक चुकीमागे कोणाचा तरी हेतू असावाच लागतो. जगात तसे असते का, हे कपूर अहवाल दाखवतो.

आयोगाचा जन्मही एका समारंभातून झाला. शिक्षा भोगून सुटलेल्या गोपाळ गोडसे व विष्णु करकरे यांच्यासाठी नोव्हेंबर १९६४ मध्ये पुण्यात समारंभ झाला. त्यात लोकमान्यांचे नातू ग. वि. केतकर यांनी आपल्याला बेताची आधी कल्पना होती, असे सांगितले. गदारोळ उठला आणि चौकशी नेमावी लागली.

अहवालाचा गाभा आहे तो दहा दिवसांचा. २० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीच्या बिर्ला भवनात प्रार्थनेच्या वेळी स्फोट झाला. मदनलाल पाहवा जागीच पकडला गेला, त्याचे साथीदार निसटले. दुसऱ्याच दिवशी मुंबईच्या रुईया महाविद्यालयातील प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांनी मदनलालकडून ऐकलेले गृहमंत्री मोरारजी देसाई यांच्या कानी घातले. मोरारजींनी ते त्याच दिवशी पोलीस अधिकारी नगरवाला यांना सांगितले. करकऱ्यांचे नाव आले होते. मदनलालच्या जबाबात पुण्याच्या एका पत्राच्या चालकाचाही उल्लेख आला. मग अडले कोठे?

अडले ते अगदी साध्या गोष्टींत. दिल्लीहून आलेल्या पोलिसांना मुंबईने परत पाठवले. पुण्याचे वरिष्ठ अधिकारी राणा दिल्लीतच होते. ते जबाब घेऊन निघाले, पण विमानाने नव्हे, आगगाडीने आणि तीही अलाहाबादवरून. मुंबईस पोहोचले २७ तारखेला. नगरवालांनी तर गांधीजींना पळवून नेण्याचा कट आहे, असा तर्क मनाशी धरला होता. तपास तर्काच्या मागे धावू लागला. नथुराम गोडसेला चेहऱ्याने ओळखणारा पुण्याचा एखादा पोलीस प्रार्थनेच्या जागी उभा केला असता तर, असा विचार वाचकाच्या मनात येतोच. ३० तारखेची संध्याकाळ उजाडली तेव्हा तेथे पहारा वाढलेला होता. ओळखणारा डोळा मात्र नव्हता. येणाऱ्यांची झडती घेण्यास गांधीजींचा विरोध होता, हे खरे. पण ओळखण्यास झडती लागत नाही.

ग्रंथ म्हणून अहवालात दोष पुष्कळ आहेत. एकच हकीकत साक्षीदारागणिक फिरून फिरून येते. कागद-पेन्सिल घेऊन तारखांचा तक्ता आपणच मांडावा लागतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर. शेवट ठाऊक असलेल्याला वाटेतील प्रत्येक खूण ठळक दिसते. २१ जानेवारीच्या पोलिसाला ती तशी दिसत नव्हती. पण कोणत्या दिवशी कोणाला काय ठाऊक होते, हे अहवाल चिकाटीने विचारत राहतो आणि म्हणूनच या आक्षेपाला पुरून उरतो.

आपल्या साहित्याने मात्र हा प्रश्न विचारलाच नाही. गोपाळ गोडसे यांचे ‘पंचावन्न कोटींचे बळी’ घ्या किंवा प्रदीप दळवींचे ‘मी नथुराम गोडसे बोलतोय’ हे नाटक घ्या. बोलतो तो मारणाराच. मनोहर माळगावकरांचे १९७८ चे इंग्रजी पुस्तकही मारेकऱ्यांच्याच मागोमाग जाते. गाडीत बसलेला राणा, आपल्या तर्कावर अडून राहिलेले नगरवाला, सांगून सांगून थकलेले जैन, यांच्यावर आम्हा कादंबरीकारांपैकी किती जणांनी लेखणी झिजवली? मारेकऱ्याला स्वगत मिळते, तेवढे पहारेकऱ्याच्या वाट्याला येत नाही.

आपली भाषा मात्र एवढी कृपण नाही. प्रतापगडाखाली १६५९ साली सय्यद बंडाचा वार अडवणाऱ्याची आठवण तिने एका म्हणीत जपून ठेवली : होता जिवा म्हणून वाचला शिवा. दिल्लीत जिवा का नव्हता, याचे उत्तर कपूर अहवालात आहे, आणि त्यात एकही गूढ हात नाही. आहेत ती फक्त उशिरा पोहोचलेली माणसे. रहस्यकथा वाचून झाल्यावर घरातील मोठ्या मुलांनी तो जरूर उघडावा. आतला माणूस शोधण्याची खोड तो मोडतो आणि आपल्या हातातील निरोप वेळेवर पोहोचवण्याची जबाबदारी ध्यानात आणून देतो.