ध्वनीचें देवालय

वास्तूचें परीक्षण करतांना तिच्या दर्शनी भागावर भाळूं नये, हा साधा नियम आहे. लंडनमधील बी. बी. सी.चें मुख्यालय, ब्रॉडकास्टिंग हाऊस, हें याचें उत्तम उदाहरण होय. जी. व्हॅल मायर या स्थापत्यविशारदानें योजिलेल्या या पोर्टलंड दगडाच्या इमारतींतून १९३२ सालीं ध्वनिक्षेपण सुरू झालें. तिला अनेकांनीं जहाजाची उपमा दिली; परंतु तिचें खरें मर्म बाहेरून दिसतच नाहीं. कडेनें कचेऱ्या, आणि त्यांच्या कुशींत जाड विटांचा मनोरा. स्टुडिओ त्या मनोऱ्यांत. रस्त्याचा कोलाहल अडविण्यासाठीं कचेऱ्यांनींच तटाचें काम करावें, ही योजना आम्हांस अत्यंत कल्पक वाटते.

प्रवेशदालनांतील लॅटिन शिलालेखानें ही वास्तु कलांचें व कलादेवतांचें मंदिर म्हणून परमेश्वरास अर्पण केली आहे. लेख १९३१ सालचा, जॉन रीथ महासंचालक असतांनाचा. शब्द भारदस्त आहेत. परंतु नुसत्या लेखानें मंदिराची योग्यता येत नाहीं.

ती आली असेल तर १५ ऑक्टोबर १९४० च्या रात्रीं. जर्मन विमानांतून पडलेला बॉम्ब इमारतींत शिरला आणि नऊच्या बातम्या चालू असतांना फुटला. सात कर्मचारी मृत्यु पावले. वृत्तनिवेदक ब्रूस बेल्फ्रेज क्षणभर थांबले व पुढें वाचूं लागले. श्रोत्यांना ऐकूं आला तो केवळ एक दबका आवाज. या धैर्यापुढें आम्ही नतमस्तक आहों, आणि युद्धकाळीं तें मौन योग्यच होतें. तरीहि मनांत प्रश्न उभा राहतो. ज्या भिंती बाहेरचा गोंगाट अडवितात, त्याच आंतलें दुःखहि बाहेर जाऊं देत नाहींत. जगाची वार्ता सांगणाऱ्या घरास शांततेच्या काळींहि असें बंदिस्त राहून चालेल काय?

नवल असें कीं, एवढा बंदोबस्त करूनहि खालच्या स्टुडिओंत भुयारी आगगाडीची धडधड पोंचत असे. तंत्रज्ञांस तो दोष वाटला. आम्हांस मात्र त्यांत शुभचिन्ह दिसतें. २०१३ सालीं राणी दुसरी एलिझाबेथ हिच्या हस्तें उद्घाटन झालेल्या नव्या विस्तारांत वार्ताकक्ष कांचेपलीकडून दिसेल असा योजिला. हा बदल स्वागतार्ह खरा. पण लोकांस दिसणें निराळें आणि लोकांचें ऐकणें निराळें. लोकांशीं बोलणाऱ्या घरांत लोकांची धडधड थोडी तरी शिरावी. त्या शिलालेखाचें सार्थक त्यांतच आहे.