कल्याणची आख्यायिका व कल्याणची गोदी

राष्ट्र कोणत्या गुणांवर टिकते, हा प्रश्न आमच्याकडे बहुधा व्याख्यानपीठावरून विचारला जातो, आणि त्याचे उत्तरही ठरल्यासारखे मिळते: शौर्य, स्वार्थत्याग, ऐक्य. ही नावे खोटी आहेत असे कोणीही म्हणणार नाही. परंतु एखादा समाज कोणत्या गुणांची मनापासून चाड बाळगतो हे पाहावयाचे असेल, तर त्याची व्याख्याने ऐकण्यापेक्षा त्याचे वाङ्मय तपासावे. आपल्या इतिहासातून तो कोणत्या गोष्टी निवडून मुलांना सांगतो आणि कोणत्या दप्तरात पडू देतो, यावरून त्याच्या शीलाची परीक्षा होते. ही परीक्षा आम्ही प्रस्तुत लेखात ठाणे व कल्याण या दोन गावांच्या आधाराने करू इच्छितो.

१६५७ च्या अखेरीस शिवाजीमहाराजांनी कल्याण व भिवंडी घेतली. या एका घटनेतून दोन गोष्टी निघाल्या. पहिली सुभेदाराच्या सुनेची. ती कोणास ठाऊक नाही? कवींनी, शाहिरांनी, नाटककारांनी, पुढे चित्रपटांनीही ती सांगितली. दुसरी गोष्ट जहाजांची. कल्याण-भिवंडीच्या खाडीवर महाराजांनी लढाऊ गलबते बांधावयास घेतली व त्या कामी पोर्तुगीज कारागीर नेमले. हे आरमार उद्या आपल्याच उरावर बसेल हे ओळखून पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्या कारागिरांस वळविले आणि ते काम टाकून निघून गेले. तरी काम थांबले नाही. १६६५ मध्ये महाराज बसरूरच्या स्वारीस निघाले, तेव्हा त्यांच्याबरोबर ८५ गलबते व ३ मोठी जहाजे होती. पहिल्या गोष्टीस समकालीन कागदाचा आधार संशोधकांस मिळालेला नाही. दुसरीचा उल्लेख पोर्तुगीज दप्तरात आहे. असे असता आमच्या ललित वाङ्मयाने पहिली डोक्यावर घेतली आणि दुसरीस जवळजवळ वाऱ्यावर सोडले.

आख्यायिका निराधार म्हणून टाकून द्यावी, असे आमचे म्हणणे नाही. लोक ज्याच्याविषयी अशी गोष्ट रचतात, त्याच्या आचरणात तिला काही जागा असावी लागते. महाराजांविषयी कटु शब्द लिहिणाऱ्या खाफीखानानेही, स्त्रियांस व धर्मग्रंथांस उपद्रव न देण्याचा त्यांचा दंडक मान्य केला आहे. आमचा आक्षेप गोष्टीच्या घडणीवर आहे. तीत एक दरबार, एक क्षण आणि एक पुरुष असतो. इतरांनी माना डोलवाव्या एवढेच उरते. याच संयमाचे दुसरे रूप चिपळूणजवळच्या छावणीस पाठविलेल्या महाराजांच्या प्रसिद्ध पत्रात दिसते. रयतेचे दाणे व भाजी फुकट घेऊ नये, दिवा तसाच ठेवून निजू नये, उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवतास आग लागेल, मग घोडी मरतील, असा तेथे इशारा आहे. येथे संयम हा रोज रात्री, कोणी पाहत नसता, नाव नसलेल्या शिपायाने पाळावयाचा नेम आहे. आख्यायिकेतील उदारता पाहून मन उचंबळते. पत्रातील सावधपणावर राज्य चालते.

रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमाराच्या प्रकरणी याहून लांबची दृष्टी आहे. जहाजांस लाकूड हवे हे खरे, पण आंबा-फणसांस हात लावू नये, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती फार काळ लेकरांप्रमाणे जतन केलेली असतात, असा त्यातील आशय आहे. राजनीतीचा ग्रंथ म्हणून आमचे पंडित ‘आज्ञापत्रा’स मान देतात. तथापि आम्ही त्यास शीलवर्णनाचा ग्रंथ म्हणू. दुसऱ्याने लावलेले झाड आपल्या गरजेपुढेही आपले नव्हे, हे ज्यास कळते त्याच्या हाती दौलत सुरक्षित राहते.

आता ठाण्याकडे वळू. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे व साष्टी पोर्तुगिजांकडून घेतली आणि १७३९ मध्ये वसई पाडली. वसईच्या वेढ्याचे वर्णन आमच्याकडे विपुल आहे. किल्ला मिळत नसेल तर आपले मस्तक तरी तोफेच्या तोंडी देऊन आत टाका, हे चिमाजीअप्पांच्या तोंडी घातलेले उद्गार शाळकरी मुलासही पाठ असतात. परंतु १७७४ च्या डिसेंबरात हेच ठाणे इंग्रजांनी घेतले, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडे कायम झाली, यावर किती लेखण्या झिजल्या? जिंकलेले ठिकाण अवघी सदतीस वर्षे राहिले, या गोष्टीचे दुःखही वाङ्मयात उतरू नये, हे आम्हांस चिंताजनक वाटते.

यावर कोणी म्हणेल की, ठाणे गेले ते घरभेदामुळे. १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाला, राघोबादादा व बारभाई एकमेकांविरुद्ध उभे राहिले, आणि इंग्रजांनी संधी साधली. हे खरेच आहे. पण घरभेद म्हणजे तरी काय? १७५६ मध्ये पेशव्यांचे सैन्य व इंग्रजांचे आरमार एकत्र होऊन तुळाजी आंग्र्यांवर चालून गेले आणि विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांची जहाजे जळाली. तुळाजीचे वर्तन उद्दाम होते, पेशव्यांस कारणही होते. परंतु जळाले ते मराठ्यांचे आरमार होते. कल्याणच्या खाडीत ज्याचा आरंभ झाला, तो उद्योग पुण्यास शंभर वर्षांनी परक्याचा वाटू लागला होता. पुढे ठाण्यावर इंग्रज समुद्राच्या बळावर चालून आले, हा निव्वळ योगायोग नव्हे. आमच्या मते राष्ट्रास टिकविणारा मुख्य गुण येथे हाती लागतो: दुसऱ्याने आरंभिलेले काम आपले मानून पुढे चालविणे. शौर्यास हा गुण नसला तर ते आपल्याच घरावर चालून जाते, हे विजयदुर्गाने दाखविले.

हा गुण आमच्यात मुळीच नाही असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासूनचे आहे. ठाण्यात १ जून १८९३ रोजी विनायक लक्ष्मण भावे व त्यांच्या सहकाऱ्यांनी मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापिले. भाव्यांचे ‘महाराष्ट्र सारस्वत’ आरंभी एक निबंध होते. जुन्या पोथ्या जमवीत, वाचीत, ताडून पाहत त्यांनी ते वाढवीत नेले. त्यांची काही मते मागे पडली आहेत. कोणत्या वाङ्मयेतिहासकाराची पडत नाहीत? परंतु १९२६ मध्ये भावे वारल्यावर तो ग्रंथ टाकून न देता शं. गो. तुळपुळे यांनी त्यास विस्तृत पुरवणी जोडली. मूळ लेखकाचे श्रेय न पुसता त्याच्या उणिवा भरून काढल्या. पूर्वसूरींचे खंडन करून नवी इमारत उठविण्यात कीर्ती अधिक असते. पुरवणी लिहिण्यास निराळे शील लागते.

२०१७ च्या फेब्रुवारीत डोंबिवलीस ९० वे साहित्य संमेलन भरले. संमेलने भरावीत, मंडप सजावेत. उत्सव समाजास हवेच असतात. परंतु मंडप उतरल्यावर चौथ्या दिवशी वाचनालयाचे दार उघडून बसणारा जो असतो, त्याच्याविषयी आमचे वाङ्मय काय बोलते, हा प्रश्न उरतोच. त्याच्या जीवनात नाट्य नाही, अशी लेखकांची सबब असते. आम्हांस ती पटत नाही. पोर्तुगीज कारागीर निघून गेले त्या दिवशी कल्याणच्या खाडीवर अर्धी बांधलेली गलबते उभी असतील; शिकविणारा गेला, शिकणारा उरला. त्याने दुसऱ्या दिवशी हत्यार उचलले, म्हणूनच आरमार झाले. त्या सुताराचे नाव आम्हांस ठाऊक नाही. त्याची कथा लिहिणारा लेखक मराठीत निघाला, तर आमच्या इतिहासावर त्याचे मोठे उपकार होतील.