सलोख्याची अट : आदिवासी कविता आणि मराठी वाचक

आदिवासी आणि बिगर-आदिवासी समाजांतील सलोख्याचा विचार मराठी साहित्यात बहुधा करुणेच्या अंगाने झाला. आदिवासींचे दुःख नागर वाचकाला कळले की दुरावा मिटेल, अशी श्रद्धा त्यामागे होती. आदिवासी कवितेने या श्रद्धेचीच फेरतपासणी करावयास लावले.

गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या ग्रंथाला १९७२ चा साहित्य अकादेमी पुरस्कार लाभला. ठाणे जिल्ह्यातील वारल्यांनी १९४५ पासून वेठबिगारीविरुद्ध आणि लग्नगडीच्या प्रथेविरुद्ध दिलेल्या लढ्याची ही हकीकत आहे. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायकोने जमीनदाराकडे राबत राहावयाचे, अशी ती प्रथा. लेखिका स्वतः लढ्यात उतरलेली असल्याने ग्रंथ हळहळीपाशी थांबत नाही. तथापि कथनाचे सूत्र तिच्याच हाती राहते. वारली बोलतो तो तिच्या मराठीतून. ही मर्यादा लेखिकेच्या निष्ठेची नसून तत्कालीन साहित्यव्यवहाराची आहे.

१९७९ साली भद्रावती येथे पहिले आदिवासी साहित्य संमेलन भरले. पुढे भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ (१९८७) आणि गोंड कवी भुजंग मेश्राम यांचा ‘उलगुलान’ (१९९०) हे संग्रह प्रसिद्ध झाले. सोनवणे यांची ‘स्टेज’ ही कविता मंचावरचा वक्ता आणि खाली बसवलेला श्रोता यांच्यातील अंतर दाखवते. तिचा रोख उघड शत्रूपेक्षा हितचिंतकावर अधिक आहे. दुसऱ्याचे दुःख सांगणारा त्याची बोलण्याची जागाही व्यापतो, हे तिचे मर्म होय. मेश्राम यांनी आपल्या मराठी संग्रहाला बिरसा मुंडा यांच्या १८९९-१९०० च्या उठावाचे मुंडारी नाव दिले. त्या शब्दाचा अर्थ शोधण्याचे कष्ट येथे वाचकाने घ्यावयाचे आहेत. समजावून सांगण्याचा भार आजवर एकाच बाजूवर होता. तो अशा रीतीने वाटला जातो.

हाच प्रश्न भाषेच्या मान्यतेतही दिसतो. २००३ च्या ९२ व्या घटनादुरुस्तीने संताळी आठव्या अनुसूचीत आली आणि २००५ पासून तिला अकादेमीचा वार्षिक पुरस्कार मिळू लागला. २०११ च्या जनगणनेत संताळी भाषकांची संख्या सुमारे ७३ लाख, तर भिली-भिलोडी गटाची एक कोटीहून अधिक होती. तरीही भिली अनुसूचीबाहेर राहिली. अशा भाषांसाठी १९९६ पासून ‘भाषा सन्मान’ आहे, परंतु सन्मान आणि नियमित स्थान यांत अंतर उरतेच.

म्हणून आदिवासी कवितेचे मूल्यमापन तिच्यातील व्यथेच्या तीव्रतेवर करणे अपुरे आहे. प्रतिमा, लय, शब्दकळा यांची चिकित्सा इतर कवितेइतक्याच काटेकोरपणे व्हावयास हवी. व्यथेचे कौतुक करणारा वाचक उंचावरच राहतो. कवितेशी वाद घालू शकणारा वाचक मात्र कवीच्या शेजारी येऊन बसतो. सलोख्याची पहिली अट हीच आहे.