'लागणे' : अर्थ आणि विभक्ती

मराठीच्या शब्दार्थविचारात आपले लक्ष बहुधा जुन्या, दुर्मिळ किंवा प्रांतिक शब्दांकडे जाते. नित्याच्या वापरातील शब्द सर्वांना ठाऊक असतो आणि म्हणूनच तो अभ्यासावाचून राहतो. 'लागणे' हे क्रियापद अशांपैकीच होय. माढा तालुक्यातील मोडनिंबच्या परिसरात ऐकू येणारी अगदी साधी वाक्ये घेतली तरी त्याचा विस्तार ध्यानात येतो. विहिरीला पाणी लागते. डाळिंबाला फळ लागते आणि कीडही लागते. ठेचाळलेल्या मुलाला लागते, आणि टाकून बोललेले मनाला लागते. पंढरपूरची गाडी फलाटाला लागते. एखाद्या प्रवाशाला मात्र गाडीच लागते. टेंभुर्णीहून सोलापूरकडे निघालेल्या माणसाला वाटेत मोडनिंब लागते. भूक, झोप, वेळ, पैसा, निकाल, ग्रहण, लग्न हे सारे 'लागते' ते निराळेच.

या अर्थवैपुल्याची व्यवस्था दोन प्रकारे लावण्यात येते. पहिला प्रकार कोशकारांचा. मोल्सवर्थचा कोश (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश (१९३२-३८) यांनी केलेल्या अर्थसंग्रहाचे मोल वादातीत आहे. परंतु अर्थांची यादी कितीही पूर्ण असली, तरी ऐकणारा त्यांतून नेमका अर्थ क्षणात कसा निवडतो, याचा उलगडा यादीने होत नाही. दुसरा प्रकार व्युत्पत्तीचा. संस्कृत 'लग्' म्हणजे चिकटणे, स्पर्श होणे. त्यातूनच सर्व अर्थ निघाले असे म्हणून हा पक्ष थांबतो. हे खरे असले तरी अपुरे आहे. स्पर्शाच्या एकाच कल्पनेतून आरंभ आणि सक्ती हे इतके दूरचे अर्थ का निघावेत, हे त्याने कळत नाही.

'मी जाऊ लागलो' आणि 'मला जावे लागले' ही वाक्ये शेजारी ठेवून पाहावीत. दोहोंत जाणारा 'मी'च आहे, धातूही तेच आहेत. पहिल्यात आरंभ आहे, दुसऱ्यात सक्ती. पहिल्या वाक्यात माणूस क्रियेला जाऊन लागतो. दुसऱ्यात क्रिया माणसाला येऊन लागते. 'तो नोकरीला लागला' आणि 'त्याला नोकरी लागली' या जोडीतही हाच भेद आहे. घटना एकच, परंतु एकात माणसाचे पाऊल पुढे पडते, दुसऱ्यात प्राप्ती त्याच्याकडे चालत येते. तात्पर्य, कोण कोणाला लागले, हे सांगणारी विभक्तीच अर्थनिर्णयाचे पुष्कळसे काम करते.

'लागण' या नामाने याला पुष्टी मिळते. 'उसाची लागण झाली' म्हणजे ऊस लावून झाला. 'उसाला लागण झाली' म्हणजे रोग शिरला. एका प्रत्ययाने हंगामाची सुरुवात आणि हंगामाची हानी वेगळी होते. २०२० च्या साथीत 'लागण' हा शब्द सर्वांच्या तोंडी रोगाच्या अर्थाने बसला. तथापि ऊस पिकवणाऱ्या गावांत त्याचा पेरणीशी जोडलेला अर्थ आजही तितकाच जिवंत आहे.

हा नियम सर्वत्र पुरतो असे मात्र नाही. 'तो तुझा कोण लागतो?' येथे 'ला' नाही, षष्ठी आहे. नात्याचा अर्थ म्हणूनच स्वतंत्र विचाराची अपेक्षा करतो.

शेजारच्या भाषा पाहिल्या म्हणजे मराठीचे वेगळेपण स्पष्ट होते. हिंदीत 'जाने लगा' हा आरंभ आहे, पण सक्तीसाठी 'जाना पड़ा' असे म्हणतात. उलट 'मुझे लगता है' येथे आपण 'वाटणे' योजतो. गुजरातीची वाटही बहुतांशी हिंदीचीच आहे. सोलापूरच्या दक्षिणेस बोलल्या जाणाऱ्या उत्तर कर्नाटकी कन्नडात 'हत्तु' हा धातू आग, झोप आणि क्रियेचा आरंभ या तिन्ही ठिकाणी येतो : 'बेंकि हत्तितु', 'निद्दि हत्तितु', 'माडलिक्के हत्तिदनु'. कुळे भिन्न असूनही दोन शेजारी भाषांनी 'चिकटणे' या अर्थाचाच धातू या कामी योजावा, ही गोष्ट केवळ योगायोग म्हणून सोडून देण्याजोगी नाही. तिचा पद्धतशीर शोध घेणे अगत्याचे आहे.

यातून बोलीसंशोधकाने घ्यावयाचा बोध साधा आहे. शब्दसूची हाती घेऊन 'लागणे म्हणजे काय?' असे विचारल्यास एखादा अर्थ हाती येईल आणि बाकीचे निसटतील. नोंद शब्दाची नव्हे, संपूर्ण वाक्याची हवी; आणि नव्या कोशातील मांडणीही अर्थक्रमांकाने न होता वाक्यरचनेच्या क्रमाने व्हावी. तसे न केल्यास 'जाऊ लागलो' आणि 'जावे लागले' यांतील अंतर, म्हणजे आपण होऊन निघणे आणि निघण्यास भाग पडणे यांतील अंतर, आपल्या नोंदवहीतून पुसले जाईल. बोलणाऱ्याच्या लेखी मात्र बहुधा तेच सर्वांत महत्त्वाचे असते.