मानदंड आणि हेतू : इंडियाना विरुद्ध आय.बी.एम. या निर्णयाची चिकित्सा

सरकारी करारांच्या अभ्यासात आपले लक्ष बहुधा निविदांच्या शुद्धतेकडे असते. करारावर सह्या झाल्यानंतर पुरवठादार नेमके काय देणे लागतो, हा प्रश्न मात्र मागे पडतो. यंत्रसामग्रीच्या साध्या खरेदीत यंत्र पोहोचले आणि चालले की ऋण फिटले. परंतु शासनाचे एखादे कार्यच संगणकासह मक्त्याने दिले, म्हणजे ऋणाचे स्वरूप संदिग्ध होते. अमेरिकेतील इंडियाना राज्य आणि आय.बी.एम. यांच्यातील खटला याचे बोलके उदाहरण आहे.

डिसेंबर २००६ मध्ये, मिच डॅनिअल्स हे गव्हर्नर असताना, राज्याने या कंपनीशी दहा वर्षांचा करार केला. त्याचे मूल्य पुढे सुमारे १ अब्ज ३० कोटी डॉलरपर्यंत गेले. अन्नसाहाय्य, वैद्यकीय साहाय्य इत्यादींसाठी येणाऱ्या अर्जदारांची पात्रता तपासण्याचे काम तोवर स्थानिक कचेऱ्यांतील सेवक समोरासमोर बसून करीत. ते यापुढे दूरध्वनी-केंद्रे आणि संगणक यांच्याद्वारे व्हावयाचे होते. ऑक्टोबर २००७ पासून ही पद्धत ९२ पैकी ५९ काउंटींत पोहोचली. अर्ज रेंगाळू लागले व तक्रारी वाढल्या. त्यातच २००८ चे पूर आणि मंदी यांची भर पडली. ऑक्टोबर २००९ मध्ये राज्याने करार संपुष्टात आणला, आणि २०१० मध्ये उभय पक्षांनी परस्परांवर दावे लावले.

वादाचे मूळ करारनाम्याच्या रचनेत आहे. त्यात पुरवठादाराचे कर्तव्य दोनदा, दोन निराळ्या भाषांत लिहिले गेले. एकीकडे धोरणात्मक हेतू : पात्र व्यक्तींना अचूक आणि वेळेवर निर्णय मिळावा. दुसरीकडे परिशिष्टांतील मोजता येणारे मानदंड. या दोहोंचा परस्परसंबंध काय, हे कोणी स्पष्ट केले नाही. २०१२ मध्ये कनिष्ठ न्यायालयाने राज्याला झालेल्या लाभांवर भर दिला, भंग कराराच्या गाभ्यापर्यंत पोहोचत नाही असे ठरविले आणि कंपनीला सुमारे ५ कोटी २० लाख डॉलर देवविले. उभय पक्षांपैकी कोणीच जिंकण्यास पात्र नाही, असा शेराही न्यायाधीशांनी मारला होता. त्या शेऱ्यात निकालापेक्षा अधिक सत्य आहे, असे आम्हांस वाटते.

मार्च २०१६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हा निष्कर्ष फिरविला. त्याची युक्तिसरणी सरळ आहे. भंग सारभूत केव्हा मानावा याची कसोटी करारानेच दिली होती : संपूर्ण करार ध्यानी घेता तो सारभूत असावा. तेव्हा बाहेरून दुसरी कसोटी आणण्याचे प्रयोजन उरत नाही. आणि ‘संपूर्ण’ म्हटले की मानदंडांबरोबर हेतूही आलेच. वेळेचे काही मानदंड पुरवठादाराने सातत्याने चुकविले होते, म्हणून भंग सारभूत ठरला.

हा अर्थ आम्हांस ग्राह्य वाटतो. हेतूंना केवळ मंगलाचरण मानले, तर पुरवठादाराला तक्त्यातील आकडे सांभाळून मूळ कार्य बुडविण्याची मोकळीक मिळते. शिवाय चुकलेल्या मानदंडासाठी पूर्वनिश्चित भरपाई ठेवलेली असते, तेव्हा ती हळूहळू दंड न राहता चुकण्याची किंमत बनते. आपल्या १८७२ च्या करार-कायद्याचे ७४ वे कलमही ठरलेल्या रकमेच्या मर्यादेतच वाजवी भरपाई देते. म्हणून रक्कम ठरविताना हा धोका येथेही विचारात घेणे प्राप्त आहे.

तथापि या वाचनामुळे राज्याच्या लेखनदोषावर पांघरूण पडते. हेतूंनाच कर्तव्याचे स्थान द्यावयाचे होते, तर ते तसे एका वाक्यात लिहिता आले असते. हे न केल्यामुळे पुरवठादाराला आपले ओझे आगाऊ मोजता आले नाही. असे अमाप ओझे सुज्ञ पुरवठादार पुढील निविदेत किमतीतच धरतो. दोषाची किंमत राज्यानेही मोजली. सर्वोच्च न्यायालयाने सारभूत भंग मान्य करूनही उपकंत्राटे राज्याकडे घेण्याचे ४ कोटी डॉलर आणि सामग्रीचे सुमारे ९५ लाख डॉलर कंपनीकडे ठेवले, कारण करार तसे म्हणत होता. २०१७ मध्ये राज्याची भरपाई १२ कोटी ८० लाख ठरली; ही वजावट जाऊन सुमारे ७ कोटी ८० लाख उरले, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले.

या हिशेबात अर्जदार कोठेच नाही. त्याची दाद स्वतंत्र दाव्यात लागली. ‘असहकार्य’ एवढे मोघम कारण देऊन साहाय्य नाकारणाऱ्या सूचना घटनेच्या दृष्टीने अपुऱ्या आहेत, असे याच न्यायालयाने २०१२ मध्ये ठरविले. आणि तेथे उत्तर देण्यास उभे होते ते राज्य, पुरवठादार नव्हे.